बाराशे चाळीस आणि कोरे रकाने

सोनाजीमामा, तुम्ही गेलात त्या दिवशी डोळ्याला पाणी यायच्या आधी मी टेबलाखाली वाकलो होतो. खोटं कशाला सांगू. शिरपूरहून माणूस सायकल हाणत टेकडीखाली आला, तिथूनच ओरडला, "सायेब, मामा गेले!" आणि माझं पहिलं काम काय, तर बॅटरी जागेवर आहे का ते पाहणं. होती. सहाही बुचं घट्ट, वरून फडक्यानं पुसलेली, तारांना व्हॅसलिन लावलेलं. ते पाहून मी चप्पल घातली आणि तुमच्या घराकडे निघालो.

आज नववा दिवस. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार आहे. कारण आपलं भांडण अर्धं राहिलं, आणि ते तुम्ही मुद्दाम अर्धं ठेवलंत असा मला अजून संशय आहे.

तुम्हाला सांगायला नको, पण हे दुसरं कुणी वाचेल त्याच्यासाठी सांगतो. शिरपूरच्या बाहेर माळावर दोन खोल्यांचं आपलं केंद्र. पुढेमागे धरण बांधायचं तर खालची जमीन किती हलते ते आधी पाहावं, म्हणून खात्यानं उघडलेलं. आतल्या खोलीत काजळी धरलेला कागद गुंडाळलेला एक डबा चावीवर सावकाश फिरतो. त्यावर सुई पांढरी रेघ ओढत जाते, आणि घड्याळ दर मिनिटाला त्या रेघेला एक खाच पाडतं. हे घड्याळ रोज सकाळी दिल्लीहून रेडिओवर येणाऱ्या टिकटिकीशी जुळवून घ्यायचं. वेळ पकडणारा तो रेडिओ लष्कराच्या मोडीतून आलेला, माझ्यापेक्षा वयानं मोठा असेल. वीज गेली की घड्याळाचा आणि रेडिओचा जीव टेबलाखालच्या बॅटरीत. बॅटरी नसली तर सुई रेघ ओढत राहते, पण खाचा पडत नाहीत. जमीन हलली एवढं कळतं, कधी हलली ते कळत नाही. आणि वेळ नसलेला कंप म्हणजे तारीख नसलेला दाखला. कुठल्याच कचेरीत चालत नाही.

मी निरीक्षक. तुम्ही रोजंदारीवरचे मदतनीस, म्हणजे कागद काजळणारे, बॅटरीत पाणी टाकणारे, साप हाकलणारे, सगळेच. पहिल्या दिवशी मी ट्रंक खाली ठेवतो न ठेवतो तोच तुम्ही विचारलंत, "कोन्या गावचे?"

"आसेगाव."

"आडनाव?"

मी आडनाव सांगितलं. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. "मंग आपलेच म्हना की."

"मी बी. एस्सी. आहे," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. देव मानत नाही, पण वाक्य तसंच येतं.

"ते त हायेच. पन आपलेच ना?"

मला राग आला होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, देवघर काढलं आणि त्या रिकाम्या कोनाड्यात माझी पुस्तकं ठेवली. त्या कोनाड्यातून मी अकोल्याच्या कॉलेजात गेलो, भौतिकशास्त्र घेतलं, पास झालो. मला वाटायचं की आता माणसांनी मला आधी पदवी विचारावी, मग गाव. आणि तुम्ही दोन मिनिटांत मला आडनावाशी आणून बांधलंत.

संशय तिथूनच सुरू झाला असेल. पण त्याला पुरावा मिळाला तो वहीत.

बॅटरीची वही. रोज संध्याकाळी पाच वाजता काचेच्या नळीनं आम्ल ओढायचं, आतलं तरंगतं कुठपर्यंत येतं ते पाहायचं आणि आकडा लिहायचा. ते काम तुमच्याकडे होतं. मी वही उघडली आणि सुन्न झालो. १२४०. १२४०. १२४०. पानच्या पानं. मध्येच एखादा रकाना कोरा, की पुन्हा १२४०. मे महिन्यात १२४०, थंडीत १२४०. वीज दिवसभर गेलेली असताना १२४०. पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाला हे पटणं शक्यच नाही. बॅटरी वापरली की आकडा उतरतो, चार्ज केली की चढतो, ऊन-थंडीनंही हलतो. आणि तुमचा आकडा जणू शिक्का मारल्यासारखा, दोनाची शेपटीसुद्धा दर दिवशी तेवढीच.

"मामा, रोज बाराशे चाळीसच कसं येतं?"

"रोज ठीक राह्यते म्हनून."

"आणि हे कोरे रकाने?"

"त्या दिशी ठीक नव्हती."

आज ही दोन उत्तरं लिहिताना माझा हात थांबतो. त्या दिवशी मात्र मला वाटलं, काय बेरकी म्हातारा आहे! विचारावं एक, सांगतो भलतंच. मी तुम्हाला विचारलं, "ठीक नव्हती म्हणजे किती होती?" तुम्ही म्हणालात, "आता ठीक नाई त नाई. किती नाई ते कोन मोजते?"

मग मी तुमच्यावर नजर ठेवायला लागलो. डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या मोजल्या. चार्जरच्या वायरची गाठ लक्षात ठेवली. एकदा दाराच्या फटीतून पाहिलं, तुम्ही आकडा लिहीत होतात. आधी शून्य. मग त्याच्या डावीकडे चार. मग दोन. मग एक. उजवीकडून डावीकडे! असं कोण लिहितं? मला वाटलं, हा माणूस आकडा आधीच ठरवून बसलाय, नुसता रकान्यात बसवतोय.

माझे वडील सही करायचे तेव्हा आधी वरची आडवी रेघ ओढायचे, मग तिला एकेक अक्षर टांगायचे, दोरीवर धोतर टांगावं तसं. ती सही मीच त्यांना पाटीवर शिकवली होती. आमच्याकडे म्हणतातच, सही "काढतो". लिहीत नाही, काढतो. चित्र काढावं तशी. हे सगळं मला ठाऊक होतं, मामा. घरात ठाऊक होतं. ऑफिसात आलो की विसरायचो.

एकदा वरचे साहेब तपासणीला आले होते, आठवतं? खुर्चीवर बसून त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं की बाहेरच्या देशांत आता रेडिओची टिकटिक जुनी झाली, वेळ थेट आकाशातल्या कृत्रिम उपग्रहाकडून घेतात, पुढे इथंही तसंच होईल. मी मान डोलावत होतो. तुम्ही दारात उभे. मध्येच म्हणालात, "सायेब, मंग तथं वर वीज गेली त?"

"तिथं बॅटरी असते बाबा."

"अन् पानी कोन टाकते?"

साहेब इतके हसले की चहा सांडला. मी शरमेनं मेलो. हा आपला माणूस, आणि हा असं बोलतो. ते गेल्यावर मी तुम्हाला बरंच बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ईचारलं त काय झालं? त्यायले सांगता आलं काय?" नाही आलं. मलाही अजून सांगता येत नाही. वर कोण पाणी टाकतं, मामा?

हे लिहिताना मला चांगलंही आठवतं, नाही असं नाही. कागद काजळायला तुम्ही शिकवलंत. रॉकेलची चिमणी किती लांब धरायची, कागद किती वेगानं फिरवायचा, काजळी जाड झाली तर सुई कशी अडखळते. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि एकदा बॅटरीचं बूच काढताना माझ्या डोळ्यांत आम्ल उडालं, तेव्हा तुम्ही मानगूट धरून माझं डोकं रांजणात घातलंत. मी ओरडतोय, तुम्ही दाबताय. "उघड! डोये उघड पान्यात! मिटू नको!" साहेब-बिहेब काही नाही, सरळ अरेतुरे. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत ते त्या रांजणामुळे. त्याच डोळ्यांनी मी पुढे तुमच्यावर पहारा केला.

तुमच्या बंडीला आम्लानं पडलेली भोकं मामी रफू करायची. एकदा मी म्हणालो, "मामा, बंडीची चाळणी झाली." तुम्ही म्हणालात, "चांगलं हाये. वारा लागते."

आता त्या रविवारचं.

तुमच्या वस्तीनं माझा सत्कार ठेवला होता. शिरपूर भागात आपल्यातला पहिला पदवीवाला सायेब आला म्हणून. तुम्हीच पुढाकार घेतलात. मला ते आवडलं होतं, उघड सांगतो. दुपारी तीनची वेळ, लिंबाखाली मांडव, टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारी निळी चादर, आणि झाडावर बांधलेला भोंगा. वस्तीत वीज नाही, तरी भोंगा! मी बोलायला उभा राहिलो. झेंडूचा जाडजूड हार गळ्यात रुतत होता म्हणून काढून टेबलावर ठेवला, तो घसरून खाली गेला. पुढे सरकलो तर चादरीआड पायाला काहीतरी कडक लागलं. मी पाय मागे घेतला आणि भाषण सुरू केलं.

काय बोललो? नोंदीवर बोललो. आपल्या लोकांच्या हजारो वर्षांच्या नोंदी कुणी ठेवल्या नाहीत, म्हणून आता आपण नोंद ठेवायला शिकलं पाहिजे. आणि जी ठेवू ती खरी ठेवली पाहिजे. "खोटी नोंद करणारा माणूस चोरापेक्षा वाईट," असं म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्या. तुम्ही टेबलाच्या बाजूला उकिडवे बसला होतात, भाषण संपेपर्यंत हलला नाहीत. मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याला लागलं असेल.

सोमवारी सकाळी कागद उतरवला. रविवारी दुपारी दोन ते सहा, रेघ सलग. एकही खाच नाही. वीज गेली होती, ते ठीक. पण बॅटरी? वही पाहिली, रविवारचा रकाना कोरा. वाकून बॅटरी पाहिली, तर जागेवर, पुसलेली. फक्त एका बुचाच्या कडेला झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच चार तासांत सुईनं एक बारीकसा कंप काढला होता. कुठेतरी दूर जमीन हलली होती, आपल्या कागदावर तिची नक्षी आली होती, आणि तिला वेळ नव्हती.

"मामा, काल बॅटरी कुठं होती?"

तुम्ही कागदाकडे पाहिलंत. "काल आकडा नाई काढला मी," एवढंच म्हणालात.

"ते दिसतंय. कुठं होती?"

"आली ना जाग्यावर."

वरून पत्र आलं, कंपाची वेळ का कळवली नाही, खुलासा करा. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मी बसलो आणि अहवाल लिहिला. स्वच्छ अक्षरात, पदवीधराच्या अक्षरात. मदतनीस बॅटरी केंद्राबाहेर नेतो. कुठल्याशा लग्नकार्यात वापरली असावी, झेंडूची पाकळी सापडली. मदतनीस वहीत वर्षानुवर्षं एकच आकडा भरतो, सबब सर्व नोंदी खोट्या आहेत. सही केली. तालुक्याला, मालेगावला जाऊन स्वतः पेटीत टाकलं, तुमच्या हातून पाठवलं नाही. तेवढी लाज होती, की तेवढी हुशारी होती, ते मला सांगता येत नाही.

काही दिवसांनी तुमच्या नावानं मेमो आला. तुम्ही तो उघडलात आणि माझ्यासमोर धरलात. "सायेब, वाचून दाखवा बरं. काय म्हनते सरकार?"

दुसरं कोण होतं वाचायला!

मी वाचलं. बॅटरी बाहेर नेल्याचं वाचलं, खोट्या नोंदींचं वाचलं, कामावरून कमी का करू नये याचं लेखी उत्तर द्यावं हे वाचलं. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून कागदावर बोट फिरवत होतात. मी थांबलो.

"झालं?"

"झालं."

"सात ओयी हायेत, सायेब. तुमी सहाच वाचल्या."

"शेवटची सहीची असते."

"सही त खाली हाये. ते आठवी."

"सरकारी भाषा, मामा. तेच तेच पुन्हा लिहितात."

"अस्स." तुम्ही कागदाची चौघडी केलीत आणि बंडीच्या खिशात घातलीत. "मंग उत्तर लिहा. लिहा, आकडा आला तवा काढला. नाई आला तवा नाई काढला. बस."

"असं लिहून चालत नाही."

"काहून? खरं त हाये."

"उद्या लिहू," मी म्हणालो. उद्या म्हणालो, परवा म्हणालो. तुम्ही दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी माझ्यासाठी भाकरी आणि अंबाडीची भाजी आणलीत. मी खाल्ली. घास गिळताना तुमच्या तोंडाकडे पाहत होतो, की या माणसाला कळलंय का? कळलं असेल तर हा भाकरी का आणतो? यात काय डाव आहे? उत्तराची मुदत संपली. मग तुम्हाला ताप आला, आणि चौथ्या दिवशी तो सायकलवाला आला.

मामा, तुम्हाला पुरल्यानंतरही माझा संशय गेला नव्हता. उलट वाढला. म्हटलं, माणूस गेला, आता तरी सत्य काढू. तुमची वही घेतली आणि काजळी कागदांचे सगळे गठ्ठे काढले. मला सिद्ध करायचं होतं की मी बरोबर होतो. एकेक कोरा रकाना धरला आणि त्या तारखेचा कागद काढला.

पहिल्या कोऱ्या रकान्याचा कागद काढला, खाचा मध्येच पुसट होत गेलेल्या. बॅटरी उतरलेली. दुसऱ्याचा काढला, तेच. तिसऱ्या दिवशी रोजवहीत जुन्या निरीक्षकांच्या हातचा शेरा, "बॅटरी मालेगावला चार्जिंगला". दुपार झाली, मी जेवलो नाही. मग उलटं पाहिलं. जिथं १२४० आहे त्या दिवशीचे कागद काढले. वीज गेलेली असली तरी खाचा ठणठणीत, शेवटपर्यंत. एक दिवस, एकच दिवस तुमची नोंद चुकलेली सापडेल म्हणून मी तीन दिवस शोधत होतो. नाही सापडली.

मग मालेगावला गेलो, गफूरभाईंच्या दुकानात. बॅटऱ्या चार्ज करतात, भोंगे भाड्यानं देतात. मला पाहून ते उठले. "सोनाजी का सुना, बहुत बुरा हुआ."

मी थेट विचारलं, "गफूरभाई, त्या रविवारी आमची बॅटरी कुठं होती?"

"कौनसे रविवारी?"

मी तारीख सांगितली. ते एवढ्या दुःखातही हसले. "क्या साब! मजाक करून राह्यले काय? तुमीच त बोलून राह्यलते ना उसपर!"

मला समजलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. सत्काराचा भोंगा त्यांचा. त्यांची बॅटरी आदल्या दिवशी एका बारशात उतरली होती. भोंगा आहे, माणसं जमलेली आहेत, बॅटरी नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "माही हाये." डोक्यावर घेऊन माळ उतरलात. टेबलाखाली ठेवलीत, वरून चादर सोडलीत, आणि कुणाचा पाय लागून तार सुटू नये म्हणून भाषणभर शेजारी उकिडवे बसलात.

पाय माझाच लागला होता. पाकळी माझ्याच हाराची होती. खोटी नोंद करणारा चोरापेक्षा वाईट, हे वाक्य वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत गेलं ते तुमच्या बॅटरीवर.

तरी मी म्हणेन, मामा, तुम्ही चुकलात. सरकारी बॅटरी न्यायला नको होती. तो कंप कधी झाला ते आता कधीच कळणार नाही. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण तुम्ही ते लपवलं नव्हतं. तुम्ही रकाना कोरा सोडला होता.

काल तुमच्या घरी गेलो. मामी चुलीपाशी बसली होती. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं काढलेले आकडे, अजून आहेत. खाली वाकडेतिकडे, वर जाता जाता सुधारत गेलेले. १२४०, १२४०, सगळी भिंत. मी विचारलं, हे काय?

"जुन्या सायबानं काढून देल्लं होतं तथं भित्तीवर," मामी म्हणाली. "तरंगतं एवढं वर आलं त हे काढायचं. नाई आलं त काहीच नाई काढायचं, सायबाले हाक मारायची. तुमचा मामा महिनाभर भाकरी सोडून हेच गिरवे. मी म्हनो, म्हातारपनी कोनती परीक्षा हाये? त म्हने, माह्या हातानं सरकारच्या वहीत खोटं नाई गेलं पायजे." मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले म्हने, जुन्या सायबाले मी हाक मारो. या सायबाले मारून काय फायदा? हे ऐकतच नाईत, मोजतेत."

मोजतेत. बाटल्या मोजतेत.

"आणि तो भोंगा कशाला आणला मामांनी?" मी विचारलं.

"त्यायच्याच मनात होतं ते. म्हने, आजवर भोंग्यातून दुसऱ्यायचाच आवाज निंघाला. एकडाव आपल्या मानसाचा निंघू दे."

मग मामीनं लुगड्याच्या ओच्यातून तुमचा मेमो काढला. तिला वरच्यांनी निरोप दिलाय, तुमच्या जागी तिला झाडलोटीला घ्यायचं की नाही ते या कागदाच्या निकालावर. उत्तर मुदतीत आलं नाही म्हणून आरोप कबूल धरला जाईल. तिनं मला विचारलं, "आता काय करायचं, भाऊ?"

मी चौघडी उलगडली. समासात तुमच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. पहिल्या ओळीसमोर लहानसं १२४०. दुसरीसमोर १२४०. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. सातव्या ओळीसमोर काही नाही. समास कोरा.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. काय लिहिलंय ते नसेल ठाऊक. पण कुठं ठीक नव्हतं ते ठाऊक होतं, आणि तुम्ही तुमच्या पद्धतीनं नोंद केली होती. भाकरी घेऊन आलात तेव्हा ती नोंद तुमच्या खिशात होती. आणि मी तुमच्या तोंडावर डाव शोधत होतो.

तिथंच, चुलीपाशी बसून मी उत्तर लिहिलं. तुम्ही सांगितलेलं वाक्य पहिलं घातलं, जसंच्या तसं: आकडा आला तेव्हा काढला, नाही आला तेव्हा नाही काढला. त्याखाली कोऱ्या रकान्यांची आणि कागदांची जुळणी. त्याखाली रविवार. बॅटरी सभेत होती, सभा माझ्या सत्काराची होती, भाषण माझं होतं, आणि माझा पहिला अहवाल चुकीच्या समजावर आधारलेला आहे, तो मी मागे घेतो. नोकरी कायम होते की जाते, पाहू. गेली तर आसेगावात वडिलांपुढे जाऊन उभा राहीन. ते सही काढतात, त्यांना कळेल. पाकीट आज टपालात पडलं.

आता एक राहिलं. त्या केंद्रात इतक्या वर्षांत खोटं रीडिंग एकच झालं, मामा, आणि ते मी केलं. मेमो माझ्यासमोर आहे. तुमच्या खुणेच्या खाली बोट ठेवलंय. ऐका.

"सदर बाब केंद्राच्या निरीक्षकांनी आपल्या लेखी अहवालाद्वारे या कार्यालयाच्या निदर्शनास आणून दिली आहे."

निरीक्षक म्हणजे मी. सात ओळी झाल्या.